मागची चाके

बैलगाडीच्या चाकावर चढविलेल्या लोखंडी पट्टीला 'धाव' हे नाव ज्या कोणी दिले, तो मोठा रसिक मनुष्य असला पाहिजे. तुंबा, आरे, पाटे हे चाकाचे बाकीचे अवयव. त्यांची नावे कशी स्थिर आणि घरंदाज आहेत. पण जो भाग प्रत्यक्ष जमिनीला लागतो, दगडावर खणखणतो आणि झिजून झिजून पातळ होतो, त्याला मात्र वस्तूचे नाव न मिळता क्रियेचे नाव मिळाले. आमच्या वऱ्हाडात गाडीला बंडी म्हणतात. बंडीची धाव सैल झाली म्हणजे ती लोहाराच्या दारी जाई. तो गोवऱ्यांच्या जाळात लोखंडाचे ते कडे लालभडक करी, दोघे-तिघे जण सांडशीने उचलून ते चाकावर बसवीत, आणि घागरीने पाणी ओतताच चरचर आवाज करीत ते असे काही आवळून येई की, खिळखिळे झालेले सारे लाकूड पुन्हा एकजीव व्हावे. त्या व्यवहारात निवडीला फारसा वाव नव्हता. चाक जेवढे, तेवढी धाव. कोणती धाव घ्यावी या विवंचनेने एखाद्या कास्तकाराची झोप उडाल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.

ट्रॅक्टरची गोष्ट निराळी आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या ट्रॅक्टरला मागचे दोन टायर घ्यावयाचे ठरले, आणि त्या एका खरेदीवरून आमच्या घरात पंधरा दिवस जो वाद माजला, तसा मुलींची लग्ने ठरवितानाही माजला नव्हता. हा ट्रॅक्टर 'बी-२७५' या जातीचा. घाट मूळचा इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा, इंग्लंडात घडलेला. १९६३ साली ही कंपनी, महिंद्रा आणि व्होल्टास यांनी मिळून मुंबईस इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि १९६५ पासून तिचे ट्रॅक्टर बाहेर पडू लागले. पुढे १९७७ साली ती कंपनी महिंद्रातच विलीन झाली. वडिलांनी आमचा ट्रॅक्टर घेतला तो १९७४ साली. त्या वेळी वाशिम हे अकोला जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव होते. त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. तेव्हा हा ट्रॅक्टर जिल्ह्याहून चोवीस वर्षांनी वडील आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांनीही त्याला नमस्कार करावयास हरकत नाही, असे माझा पुतण्या थट्टेने म्हणतो.

पण थट्टा वेगळी आणि पैसा वेगळा. वडिलांच्या पेटीत त्या खरेदीची पावती अजून आहे. संपूर्ण ट्रॅक्टरसाठी त्यांनी जो आकडा मोजला, त्याच्या जवळपास आज नुसत्या टायरच्या जोडीचे बिल जाऊन पोचते. तेव्हा पुतण्याचा पहिला प्रश्न असा की, जे यंत्र भंगारवाला वजनावर मागतो आहे, त्याच्या पायांत एवढी रक्कम घालावीच का? त्याच्यापाशी स्वतःचा नवा, जास्त अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आहे. नांगरट त्याने होते, रोटाव्हेटर त्याला लागतो, ट्रॉली भरून सोयाबीन बाजार समितीत त्यानेच जाते. मग अंगणातल्या कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या या म्हाताऱ्याला काम कोणते? हा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून टायरचा विचारच करता येत नव्हता, हे माझ्या हळूहळू ध्यानात येऊ लागले.

येथे थोडे मागे जाऊन रबराची कथा सांगितली पाहिजे, कारण ती मौजेची आहे. हवेच्या टायरचा शोध व्यवहारात आणला तो जॉन बॉइड डनलॉप या गृहस्थाने, १८८८ साली, बेलफास्टमध्ये. हा मनुष्य व्यवसायाने पशुवैद्य होता. मुलाच्या तीनचाकी सायकलला हादरे बसतात म्हणून त्याने तिच्या चाकांवर हवेने भरलेल्या रबरी नळ्या बसविल्या. त्याच्यापूर्वी चाळीसहून अधिक वर्षे आधी थॉमसन नावाच्या दुसऱ्या एका स्कॉटिश गृहस्थाने तीच कल्पना पेटंट करून ठेविली होती. पण तेव्हा जगाला तिची गरज भासली नाही. जनावरांच्या डॉक्टरने लावलेल्या शोधाने पुढे जनावरांचेच काम जावे, यात एक प्रकारचा न्याय आहे की अन्याय, याचा निर्णय मी करू शकत नाही. १९३६ साली हुगळी जिल्ह्यातल्या साहागंज येथे डनलॉपचा कारखाना निघाला, आणि कालांतराने बैलगाड्यांनाही हवेची चाके लागली. पुढे तो कारखाना बंद पडला. परंतु टायरच्या गाडीला 'डनलॉप' म्हणण्याची चाल कित्येक ठिकाणी त्यानंतरही टिकून राहिली.

ट्रॅक्टर मात्र बरीच वर्षे लोखंडी चाकांवरच हिंडत होते. त्या चाकांना अणकुचीदार दाते असत. जमिनीत ते घट्ट रुतत, पण पक्क्या सडकेची चाळण करीत, आणि वर बसलेल्या माणसाची हाडे खिळखिळी करीत. १९३२ साली अमेरिकेतील ॲलिस-चाल्मर्स कंपनीने आपल्या 'मॉडेल यू' ट्रॅक्टरला हवेचे टायर दिले. पहिल्या प्रयोगात तर विमानाचे टायर कमी हवा भरून बसविले होते. शेतकऱ्यांचा विश्वास बसेना. रबर मातीत घसरेल, काट्याने फुटेल, असे जो तो म्हणे. तेव्हा कंपनीने १९३३ साली बार्नी ओल्डफील्ड या मोटारशर्यतींच्या नामांकित वीराला ट्रॅक्टरवर बसविले आणि ताशी साठ मैलांहून अधिक वेगाने तो पळवून दाखविला. नांगर ओढणाऱ्या यंत्राचा गुण पटविण्यासाठी त्याला शर्यतीत पळवावे लागले, ही गोष्ट माणसाच्या स्वभावावर पुष्कळ प्रकाश टाकते. आमच्या गावातही टायरविषयी पहिला प्रश्न निघाला तो 'कोणाचा मोठा आहे' हाच होता.

कारण गावात मोठेपणाचे एक माप ठरून गेले आहे. पुतण्याच्या नव्या ट्रॅक्टरला १४.९-२८ चे टायर आहेत. शेजारच्या वावरातल्याला त्याहूनही रुंद. आमच्या जुन्याला १२.४-२८. हे आकडे ऐकून गोंधळून जाऊ नये. पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत सांगतो, दुसरा आतल्या लोखंडी रिमचा व्यास. जुन्या कागदपत्रांत आणि कित्येक टायरांवर याच मापाला '११-२८' असे लिहिलेले आढळते. ती मोजण्याची पूर्वीची रीत होती. पुढे रिम रुंद झाले, तशी मोजणीही बदलली. आमच्या मूळ पुस्तिकेत ११-२८ आणि दुकानात १२.४-२८ पाहून पुतण्या म्हणाला, "काका, कंपनीच मोठा टायर सांगते आहे, मग आपण आणखी एक पायरी चढून १३.६ च घेऊ." त्याला ते जुने गणित समजावून सांगण्यात एक संपूर्ण दुपार गेली. ११ चा टायर आणि १२.४ चा टायर हे एकाच माणसाचे पाळण्यातले आणि शाळेतले नाव आहे, दोन भाऊ नव्हेत.

तरीही १३.६ चा मोह साधा नव्हता, आणि त्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ होते हे कबूल केले पाहिजे. रुंद टायर भुसभुशीत जमिनीत कमी रुततो. त्यात हवेचा दाब कमी ठेवता येतो, आणि टायरचा जमिनीवर जो दाब पडतो तो साधारणपणे आतल्या हवेच्या दाबाइतकाच असल्याने वरच्या थरातली माती कमी चोपली जाते. ओढण्यासाठी पकड थोडी अधिक मिळते. शिवाय उंची सुमारे दोन इंचांनी वाढते, त्यामुळे ट्रॅक्टर भारदस्त दिसतो; या शेवटच्या कारणाचा उच्चार कोणी केला नाही, पण सर्वांच्या मनात ते होते, अशी मला दाट शंका आहे. परंतु ही उंची फुकट मिळत नाही. चाकाचा घेर सुमारे चार टक्क्यांनी वाढला की, त्याच गियरमध्ये ट्रॅक्टर तितक्याच प्रमाणात जलद चालतो आणि तितक्याच प्रमाणात त्याचा जोर कमी होतो. पस्तीस-चाळीस अश्वशक्तीच्या जुन्या एंजिनाला चार टक्के ही काही उधळून देण्याची रक्कम नव्हे. आणि आमचा रिम अरुंद. अरुंद रिमवर रुंद टायर बसविला म्हणजे त्याच्या कडा आत ओढल्या जातात, छाती गोलाकार फुगते, आणि मध्यभागच जमिनीला टेकून लवकर झिजतो. रुंदीचे पैसे द्यावयाचे आणि रुंदी वापरावयाची नाही, असा तो प्रकार होतो.

हे सर्व मी पुस्तकांतून आणि दोन-चार जाणत्यांकडून गोळा केले होते. पण निकाल लावला तो आमच्या जुन्या मिस्त्रीने. या गृहस्थाने वडिलांच्या वेळेपासून या ट्रॅक्टरचे पोट कित्येकदा उघडून पाहिले आहे. मी त्याच्यापुढे दोन्ही मापांचे गुणदोष मांडू लागलो, तेव्हा त्याने बिडी विझवून इतकेच विचारले, "भाऊ, वावर कोनतं हाय ते सांगा पयले. आन् त्यात काय करासाठी पायजे ते सांगा. टायर मंग पाहू."

वावर पैनगंगेच्या बाजूचे, रिसोड तालुक्यातले. भारी काळी जमीन. ज्यांनी ही जमीन पाहिली नाही, त्यांना तिचा स्वभाव शब्दांनी सांगणे कठीण आहे. वैशाखात तिला अशा भेगा पडतात की त्यांत काठी घातली तर हातभर आत जाते. मृगाचा पाऊस पडला की तीच जमीन फुगून भेगा मिटविते आणि इतकी चिकट होते की जोडा पायातून काढून घेते. या दोन टोकांच्या मध्ये काही थोडे दिवस, कधी थोडे तासच, असे येतात की ढेकूळ हातात घेऊन दाबले तर फुटते, पण बोटांना चिकटत नाही. त्या अवस्थेला आपली भाषा वाफसा म्हणते. शेतीतले सारे शहाणपण या एका शब्दाभोवती फिरते, असे म्हटले तरी चालेल. वाफशावर पेरले तर साधते. त्याच्या आधी जड चाक वावरात घातले, तर ते जिथून जाते तिथे माती विटेसारखी घट्ट होते, आणि त्या पट्ट्यात मुळे खाली उतरत नाहीत. वरचा थर नांगराने पुन्हा मोकळा करता येतो. पण खोलवर बसलेला थर टायरच्या रुंदीने सुटत नाही, कारण तो ट्रॅक्टरच्या एकंदर वजनामुळे बसलेला असतो. या बाबतीत आमचा हलका म्हातारा पुतण्याच्या अवजड तरुणापेक्षा निःसंशय बरा.

आणि काय करण्यासाठी पाहिजे, या दुसऱ्या प्रश्नाशी आम्ही सर्व जण थांबलो. दोन वर्षांपूर्वी पोळा झाल्यावर आमच्या गोठ्यातली शेवटची बैलजोडी गेली. सालदार मिळत नाही, चारा परवडत नाही, ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचा पाल्हाळ नको. पण जोडी गेल्यानंतर दोन कामे उघडी पडली: वाफसा थोडा असताना हलक्या वजनाने करावयाची पेरणी, आणि पीक वीतभर झाल्यावर ओळींतून करावयाची डवरणी. पुतण्याचा नवा ट्रॅक्टर ओळींत घालता येत नाही. सोयाबीनच्या दोन ओळींत आम्ही ४५ सेंटिमीटर अंतर ठेवतो. त्याच्या १४.९ च्या टायरची रुंदीच जवळजवळ ३८ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन सेंटिमीटर उरतात; तेवढ्यात ट्रॅक्टर चालविणे म्हणजे दोरीवर चालणे होय. १३.६ चा टायर साडेचौतीस सेंटिमीटरचा, त्यात दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच मिळतात. १२.४ च्या टायरला अडीच इंचांहून थोडे अधिक. फरक अर्ध्या इंचाचा. शहरातल्या माणसाला अर्धा इंच म्हणजे काहीच वाटणार नाही. पण ज्याने एका लांब तासात पंधरा मिनिटे मान वळवून मागे पाहत चाक ओळीतून नेले आहे, त्याला विचारावे. बैल पाय उचलून रोप चुकवितो. चाकाला ती अक्कल नाही, म्हणून त्याला जागा द्यावी लागते.

याहून बारीक टायर मिळत नाहीत असे नाही. खास डवरणीसाठी अगदी अरुंद टायर आणि त्यांचे निराळे रिम घेता येतात. पण दोन जोड्या चाके बाळगावयाची, ती दर हंगामाला बदलावयाची, हा श्रीमंत बागायतदाराचा खेळ आहे. कोरडवाहू सोयाबीन-तुरीच्या घरात तो शोभत नाही. त्यापेक्षा आमच्या ट्रॅक्टरची जी एक जुनी सोय आहे तिचा उपयोग करणे बरे. त्याच्या मागच्या चाकांची तबकडी आणि रिम उलटसुलट करून बसविले की, दोन चाकांतले अंतर चार-चार इंचांच्या पायऱ्यांनी कमीजास्त करता येते. ५२ इंचांवर चाके ठेवली की ती ४५ सेंटिमीटरच्या तीन ओळी पोटाखाली घेऊन जवळजवळ बरोबर ओळींच्या मधून जातात. ही सोय इतकी वर्षे आमच्या घरात होती. तिचा वापर मात्र वडिलांनी कपाशीसाठी केला त्यानंतर कोणी केला नव्हता. अलीकडे कृषिखाते आणि कृषि विज्ञान केंद्रे रुंद वरंबा-सरी पद्धतीने सोयाबीन पेरण्याचा आग्रह धरतात; तीत चाके सरीतूनच जातात, म्हणजे तेथेही टायर सरीत मावेल असाच हवा. पावसाचे जास्तीचे पाणी त्या सरीतून निघून जाते आणि खंड पडला तर तिच्यातच मुरते. पद्धत चांगली आहे. आमच्याकडच्या उताराच्या वावरात ती कितपत उतरते, ते अजून पाहावयाचे आहे.

असा एकदा कामाचा निर्णय झाल्यावर मापाचा निर्णय आपोआप झाला, आणि पुतण्यानेही फारसा हट्ट केला नाही. मग आम्ही वाशिमला हिंगोली रस्त्यावर टायर पाहावयास गेलो. टायरच्या दुकानात शिरल्यावर मला नेहमी औषधांच्या जुन्या जाहिराती आठवतात, इतकी तेथील नावे भारदस्त असतात. एमआरएफची 'शक्ती', अपोलोचा 'कृषक', गुडइयरचे 'वज्र', सीएटचा 'आयुष्मान'. 'आयुष्मान' हे नाव मला फार आवडले. काळ्या रबराच्या त्या कड्याकडे पाहून 'आयुष्मान भव' म्हणण्याचा मोह आवरावा लागला. दुकानदार तरुण होता, पण बोलण्यात अदब. "काकाजी, ट्रॉली ओढाची हाय का वावरातच चालवाचा?" हा त्याचाही पहिला प्रश्न. मला बरे वाटले.

या प्रश्नाचा संबंध टायरच्या नक्षीशी आहे. मागच्या टायरवर जे तिरपे उंच कंगोरे असतात, ज्यांना दुकानदार 'लग' म्हणतात, ते सडकेसाठी जवळजवळ आणि वावरासाठी दूरदूर असलेले चांगले. कारण काळी ओली माती कंगोऱ्यांच्या फटींत ठासून बसली की टायर गुळगुळीत होतो, आणि गुळगुळीत टायर नवा असला काय, जुना असला काय, जागच्या जागीच फिरणार. फटी रुंद आणि कडेला मोकळ्या असतील, तर चाक फिरता फिरता माती बाहेर फेकली जाते. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. हे कंगोरे मधोमध एकत्र येऊन बाणासारखी आकृती करतात, आणि चाक बसविताना बाणाचे टोक आधी जमिनीला टेकेल असे बसवावयाचे असते. म्हणजे माती टोकाकडून दोन्ही कडांना ढकलली जाते. टायरच्या अंगावर फिरण्याची दिशा कोरलेली असतेच. पण टोक आधी टेकते म्हणूनच जमिनीवर उमटलेल्या ठशात ते मागे राहते. त्यामुळे पांदण रस्त्यावरच्या ओल्या मातीत ट्रॅक्टरची जी बाणांची रांग दिसते, तिचे टोक ट्रॅक्टर जिकडे गेला तिकडे नसून जिकडून आला तिकडे असते. लहानपणापासून हे ठसे पाहत आलेल्या आमच्या घरातल्या एकालाही हे ठाऊक नव्हते.

रबर किती जाड, किती पदरी, हाही एक प्रश्न असतो. टायरवर '१२ पीआर' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ आत बारा पदर आहेत असा नव्हे. एके काळी टायरच्या आत सुती धाग्यांचे पदर असत आणि ते मोजले जात. पुढे धागा नायलॉनचा आणि मजबूत झाला, पदर कमी झाले, पण बळ सांगण्याची जुनी भाषा तशीच राहिली. घराण्याची श्रीमंती गेली तरी आडनावापुढचे 'देशमुख' राहावे, त्यातला हा प्रकार. रेडियल टायरही दाखविण्यात आले. त्यांचा तळ लांब आणि सपाट टेकतो, ओढही चांगली मिळते, पण किंमत पाहून आम्ही ते लगेच मागे सारले. रिमोल्ड केलेली एक जोडी अर्ध्याहून कमी दरात मिळत होती. मिस्त्रीने तिच्या कडेवर नख ओढून पाहिले आणि मान हलविली. वरचे रबर नवे, पण कडेला बारीक भेगांचे जाळे. आतला सांगाडा म्हातारा झाला होता.

नव्या टायरचेही वय पाहावे लागते, हे मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिले. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ असे असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात झाला. रबर वापरले नाही तरी उन्हाने आणि काळाने कडक होत जाते. आणि जोडी घेताना दोन्ही टायर एकाच जातीचे, एकाच झिजेचे असावेत. डावा झिजलेला आणि उजवा नवा असे ठेवले की दोहोंचा घेर वेगळा होतो, ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो, आणि आतली गियरची जोडणी, जी खरी वळणावरच काम करावयाची, ती सरळ चालतानाही सारखी राबत राहते. पुतण्याने एकच टायर घेऊन भागेल का, असे विचारून पाहिले होते. त्याचा प्रश्न एवढ्यानेच निकालात निघाला.

राहता राहिला वजनाचा विषय. हलका ट्रॅक्टर माती दाबत नाही हे खरे, पण उन्हाळ्यात नांगर लावला तर तोच हलकेपणा नडतो. चाक घसरते आणि डिझेल जळते. काही घसरणे स्वाभाविक असते. वावरात दहा फेऱ्यांत एखादी फेरी वाया जाणे योग्यच, मुळीच घसरत नसेल तर वजन जास्त झाले असे समजावे. मोजण्याची रीत सोपी आहे: टायरला खडूची खूण करावी, अवजार उचलून दहा फेऱ्यांत किती अंतर गेले ते पाहावे, मग अवजार जमिनीत घालून पाहावे. जास्त घसरत असेल तर उपाय पाण्याचा. टायरची हवा भरण्याची तोटी वर आणून, तिच्या पातळीपर्यंत, म्हणजे सुमारे पाऊण टायर पाणी भरतात. आमच्या मापाच्या एका टायरात सव्वाशे-दीडशे किलो वजन सहज मावते. थंड देशांत ते पाणी गोठू नये म्हणून त्यात क्षार मिसळावा लागतो. वाशिमच्या उन्हाला ती भीती नाही. आम्ही ठरविले की नांगरट नव्या ट्रॅक्टरकडे. जुन्याच्या टायरात पाणी भरावयाचे नाही. त्याने हलकेच राहावे.

टायर चढविण्याचे काम एका सकाळी अंगणातच झाले. जुना टायर रिमवरून सुटता सुटेना. रबर आणि गंज यांचे इतक्या वर्षांत सख्य जमले होते. आत रिमला गंज चढून पापुद्रे सुटत होते. मिस्त्रीने ते ब्रशाने घासले, रंगाचा हात दिला, नवी ट्यूब घातली, आणि साबणाच्या पाण्याने कड ओली करून टायर बसविला. हवा भरताना कड 'फट्' आवाज करून जागेवर बसली, तेव्हा कडुनिंबावरचे कावळे उडाले. हवा त्याने १४ पौंडांवर ठेवली. पुतण्याला ती फारच कमी वाटली. तो ट्रॉलीच्या हिशेबाने विचार करीत होता. "वावरात चालाचं हाय, सडकीवर नाई," मिस्त्री म्हणाला.

पेरणी जूनच्या शेवटच्या आठवड्यात झाली. पाऊस दोन दिवस झाला, एक दिवस उघडला, आणि चौथ्या दिवशी दुपारी वाफसा आला. पुतण्याचा ट्रॅक्टर त्या वेळी दुसऱ्या गावी भाड्याने गेला होता. संध्याकाळपर्यंत पाच एकर पेरून झाले. डवरणीच्या वेळी पहिल्या तासाला काही रोपे गेलीच. वळणावर, धुऱ्याजवळ, जिथे चाक सरळ करावयाला जागा मिळत नाही. मधल्या ओळी शाबूत राहिल्या. पुतण्या दुसऱ्या दिवशी स्वतःच जुन्या ट्रॅक्टरवर बसला, आणि संध्याकाळी मानेला तेल लावून घेताना म्हणाला की, सरळ चालविण्यासाठी पुढे बॉनेटवर एखादी खूण केली पाहिजे. ती त्याने पांढऱ्या रंगाने केली आहे.

जुन्या दोन टायरांपैकी एक कापून त्याचे शेळ्यांना पाणी पाजण्याचे कुंड केले. दुसरा गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा आहे. त्याला अजून गिऱ्हाईक लागलेले नाही.